कुलाब्याची सुहैली

शर्यत म्हटली की वेग आलाच. मग ती बैलगाड्यांची असो, घोड्यांची असो की मोटारींची असो. जो अगोदर पोचला तो जिंकला, हे लहान मुलालाही सांगावे लागत नाही. परंतु ज्या शर्यतीची हकिकत मी आज सांगणार आहे, तिच्यात पहिला आलेला गडी ताशी चार सागरी मैलांच्या गतीने, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाहून जराशाच अधिक वेगाने, ३१२ दिवस समुद्रावर होता. तो पहिला आला आणि शेवटचाही तोच आला. कारण त्याच्याखेरीज दुसरे कोणी पोचलेच नाही. आणि ज्या होडीतून तो एकटा पृथ्वीला वळसा घालून आला, ती होडी आपल्या मुंबईत, कुलाब्याला, आपल्याकडच्या सुतारांनी सागाच्या लाकडातून घडविलेली होती.

मी काही दर्यावर्दी नव्हे. गेटवेवरून लाँचने घारापुरीला जाऊन येणे, एवढीच माझी समुद्रावरची मर्दुमकी. पण जहाजांच्या हकिकती वाचण्याचा नाद मला फार वर्षांपासून आहे, आणि त्या वाचताना एक प्रश्न नेहमी मनात येतो. चांगली होडी कशाला म्हणावे? गेल्या साठ-पासष्ट वर्षांत या प्रश्नाचे उत्तर इतके बदलले आहे, की आजची शर्यतीची होडी आणि कुलाब्याची ती होडी शेजारी ठेवल्या, तर त्या एकाच जातीच्या आहेत यावर कोणाचा विश्वास बसू नये. हा बदल कसा घडला, त्यात काय मिळाले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे सांगण्यासाठीच हा लेख.

एकट्याने शिडाच्या होडीतून जगप्रदक्षिणा पहिल्यांदा केली ती जोशुआ स्लोकम या अमेरिकन कप्तानाने, १८९५ ते १८९८ या काळात. त्याला कसलीच घाई नव्हती. वाटेत लागेल त्या बंदरात तो थांबला, लोकांना भेटला, शिधा भरून घेतला आणि पुढे निघाला. एकट्याने होडी हाकारण्याची शर्यत ही कल्पना त्यानंतर साठ वर्षांनी आली. १९६० साली इंग्लंडमधील प्लिमथपासून अमेरिकेपर्यंत एकेकट्या माणसाची पहिली शर्यत झाली. तीत जेमतेम पाच होड्या होत्या. फ्रान्सिस चिचेस्टर ४० दिवसांत न्यूयॉर्कला पोचून पहिला आला.

त्या शर्यतीने जगाला एक उपयोगी गोष्ट दिली. एकट्या माणसापुढची मोठी अडचण ही, की तो झोपला तर सुकाणू कोणी धरायचे? यावर वाऱ्याच्या पंख्याची युक्ती निघाली. होडीच्या मागच्या टोकावर एक उभे पाते बसवायचे. होडीची दिशा ढळली की वारा त्या पात्यावर वेगळ्या बाजूने लागतो, पाते वळते, आणि त्याला जोडलेले सुकाणू होडीला पुन्हा मार्गावर आणते. ना तेल, ना वीज. ब्लाँडी हॅस्लर हा चिचेस्टरचा प्रतिस्पर्धी या युक्तीच्या मागे मुख्यतः होता. पुढे १९६६-६७ मध्ये चिचेस्टरने एकट्याने जगप्रदक्षिणा केली. वाटेत फक्त सिडनीला थांबून. इंग्लंडच्या राणीने त्याला नाइट केले. आता उरले होते ते एकच: कोठेही न थांबता, कोणाचीही मदत न घेता फेरी पुरी करणे.

इथे आपली मुंबई या कथेत येते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज तरुण ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटींवर अधिकारी होता, आणि मुंबई हे त्याचे नेहमीचे बंदर होते. नोकरीतल्या सोबत्यांबरोबर त्याने स्वतःची एक शिडाची होडी बांधून घ्यायचे ठरविले. आराखडा मिळाला तो विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकन आरेखकाचा, १९२० नंतरच्या दशकातला. त्याचे मूळ त्याहून जुने, नॉर्वेच्या कॉलिन आर्चरने वादळात सापडलेल्या कोळ्यांना वाचविण्यासाठी योजलेल्या होड्यांत होते. म्हणजे हा आराखडा मुळातच शर्यतीसाठी नव्हता. होडी जड, पोटाने भरदार, दोन डोलकाठ्यांची. पुढचे टोक जसे निमुळते तसेच मागचेही, म्हणजे पाठीमागून येणारी लाट दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावी. आणि तळाखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला लांब कणा.

कुलाब्याच्या कारखान्यात सुतारांनी ही होडी जुन्या पद्धतीने घडविली. वाकसाने तासून आणि सामत्याने भोके पाडून ३२ फुटांची सागवानी होडी उभी राहिली आणि १९६४ च्या डिसेंबरात पाण्यात उतरली. तिचे नाव ठेवले ‘सुहैली’. इराणच्या आखातातले अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला या नावाने ओळखतात. १९६५ च्या अखेरीस तिने मुंबई सोडली आणि दक्षिण आफ्रिकेला वळसा घालून ती इंग्लंडला गेली.

१९६८ च्या मार्चमध्ये लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने शर्यत जाहीर केली. १ जून ते ३१ ऑक्टोबर यांच्या दरम्यान केव्हाही निघा, एकट्याने आणि न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून परत या. जो अगोदर परतेल त्याला सोन्याचा पृथ्वीगोल, आणि ज्याला सर्वांत कमी दिवस लागतील त्याला ५,००० पौंड. नॉक्स-जॉन्स्टनला खरे म्हणजे याहून मोठी, पोलादी होडी हवी होती. पण पैसा देणारा कोणी भेटेना. तेव्हा हाताशी होती तीच सुहैली घेऊन १४ जून १९६८ रोजी एकोणतीस वर्षांचा हा तरुण फालमथहून निघाला. एकूण नऊ जण या शर्यतीत उतरले. सुहैली त्या सर्वांत लहान होड्यांपैकी एक होती, आणि ती जिंकेल असे फारसे कोणाला वाटत नव्हते.

त्या प्रवासात मोडण्यासारखे जे जे होते ते बहुतेक मोडले. सुरुवातीलाच फळ्यांच्या सांध्यातून पाणी येऊ लागले, तेव्हा तो भर समुद्रात होडीखाली बुडी मारून गेला. सांध्यात कापूस कोंबला, वर कॅनव्हासची पट्टी आणि तिच्यावर तांब्याचा पत्रा ठोकला. मग रेडिओ बंद पडला. दक्षिणेच्या समुद्रात एका लाटेने होडी आडवी केली आणि वरची खोली जागची हलली. ऑस्ट्रेलियाच्या बाजूला पोचेतो ते वाऱ्याचे पातेही कायमचे निकामी झाले. म्हणजे एकट्या माणसाचा जो अदृश्य सुकाणूधारी, तोही गेला. तरी अर्धी पृथ्वी बाकी होती.

माझ्या मते होडीची खरी पारख झाली ती इथे. नॉक्स-जॉन्स्टनने शिडे अशा बेताने लावली, की सुकाणूला हात न लावता सुहैली आपली आपणच मार्गावर राहावी. हे तिला जमले ते त्या लांब कण्यामुळे. जड आणि लांब कण्याची होडी सरळ रेषेत चालण्याचा हट्ट धरते. आखूड, चपळ होडी पाते नसेल तर गरकन वळते. बैलगाडीचा बैल जसा गाडीवान पेंगला तरी वाट सोडत नाही, तशी सुहैली धनी झोपला असता चालत राहिली. न्यूझीलंडनंतर साडेचार महिने तिची काहीच खबर नव्हती. कित्येकांनी आशा सोडली होती. १९६९ च्या एप्रिलमध्ये अझोर्स बेटांजवळ एका तेलवाहू जहाजाला ती दिसली, आणि २२ एप्रिल रोजी ती फालमथच्या बंदरात शिरली. नियमाप्रमाणे कस्टमचे अधिकारी होडीवर आले आणि त्यांनी विचारले, कोठून आलात? उत्तर मिळाले, फालमथहून.

बाकीच्या आठांचे काय झाले, हे सांगितल्याशिवाय ही कथा पुरी होत नाही. पाच जण पहिल्या काही महिन्यांतच माघारी फिरले किंवा थांबले. फ्रान्सचा बर्नार मुआतेसिए आपल्या ‘जोशुआ’ नावाच्या पोलादी होडीतून फार वेगाने येत होता. ५,००० पौंड त्यालाच मिळतील असा रंग होता. पण परतीच्या वाटेवर त्याने केप टाउनजवळ एका जहाजावर बेचकीने चिठ्ठी भिरकावली: आपण शर्यत सोडली आहे. आणि तो पुन्हा पूर्वेकडे वळून थेट ताहितीपर्यंत गेला.

नायजेल टेटली आणि डोनल्ड क्रोहर्स्ट या दोघांच्या होड्या तीन सांगाड्यांच्या होत्या. तीन सांगाड्यांची होडी हलकी आणि वेगवान असते. पण ती उलटली तर उलटीच राहते. क्रोहर्स्ट हा विजेच्या उपकरणांचा धंदा करणारा होता, आणि त्याने या शर्यतीसाठी कर्ज काढले होते. त्याची होडी अपुऱ्या तयारीने शेवटच्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला निघाली. ही होडी दक्षिणेच्या समुद्रात टिकणार नाही हे त्याला लवकरच कळले. आणि परतलो तर दिवाळे निघेल हेही तो जाणून होता. तेव्हा तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि पृथ्वीला फेरी घालीत असल्याच्या खोट्या खबरा धाडू लागला. क्रोहर्स्ट मागून वेगाने येत आहे, अशा समजुतीने टेटलीने आपली खिळखिळी झालेली होडी अधिकच ताणली, आणि शेवटच्या टप्प्यात अझोर्सजवळ ती फुटली. टेटली वाचला. पण आता क्रोहर्स्टला विजयी म्हणून परतावे लागणार होते, आणि त्याच्या नोंदवह्या तपासल्या जाणार होत्या. १० जुलै १९६९ रोजी त्याची होडी समुद्रावर रिकामी तरंगताना सापडली. नॉक्स-जॉन्स्टनने दुसरे बक्षीसही, म्हणजे ते ५,००० पौंड, क्रोहर्स्टच्या पत्नीला आणि चार मुलांना देऊन टाकले.

‘हे होऊ शकते का?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तसा दुसरा प्रश्न पुढे आला: ‘किती दिवसांत?’ आणि या एका शब्दाने होड्यांचे रूप पालटून टाकले.

त्यामागचे शास्त्र घरातल्या मुलांनाही समजेल असे आहे. पाण्यातून जाणारी होडी एक लाट पुढे उठवते आणि एक मागे. वेग वाढेल तसे या दोन लाटांमधले अंतर वाढते. ते होडीच्या लांबीएवढे झाले, की होडी आपल्याच दोन लाटांच्या खळग्यात अडकते, आणि मग वारा कितीही असला तरी जड होडी पुढे सरकत नाही. सुहैलीची ही मर्यादा ताशी सुमारे सात सागरी मैल होती. यावर सरळ तोड म्हणजे होडी लांब करणे. अटलांटिकच्या शर्यतीत तेच झाले. १९६४ साली एरिक ताबार्ली या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने खास त्या शर्यतीसाठी बांधलेल्या ४४ फुटी होडीतून २७ दिवसांत ती जिंकली. १९७६ साली आलँ कोला हा फ्रेंच गडी तब्बल २३६ फुटांचे चार डोलकाठ्यांचे गलबत घेऊन एकटाच उतरला! गंमत अशी, की जिंकला मात्र पुन्हा ताबार्लीच, त्याच्या एकतृतीयांशाहूनही कमी लांबीच्या होडीतून. मग लांबीवर मर्यादा घालण्यात आली.

लांबी बांधली गेली तेव्हा आरेखक वजनाकडे वळले. चपटा दगड तिरपा फेकला तर तो पाण्यावरून टप्पे घेत जातो. तशी हलकी, सपाट तळाची होडी पाणी कापत बसण्याऐवजी त्याच्यावरून घसरत जाते, आणि लाटांच्या खळग्याचा नियम तिला अडवू शकत नाही. १९८९ साली फ्रान्समध्ये ‘व्हांदे ग्लोब’ ही नवी शर्यत सुरू झाली: एकट्याने, न थांबता, मदतीशिवाय जगप्रदक्षिणा. होड्या ६० फुटांच्या, रुंद आणि परातीसारख्या पसरट. पहिल्याच वेळी तितुआँ लामाझू १०९ दिवसांत परतला. सुहैलीच्या ३१२ दिवसांपुढे हे एकतृतीयांश झाले.

पण परातीची एक खोड सर्वांना ठाऊक आहे. पाण्यावर सुलटी ठेवली तर ती स्थिर असते, आणि उलटी ठेवली तरी तितकीच स्थिर असते. १९९६-९७ च्या शर्यतीत दक्षिणेच्या थंड समुद्रात तीन होड्या उलटल्या आणि त्यांतल्या काही उलट्याच राहिल्या. टोनी बुलिमोर हा इंग्रज आपल्या उलट्या होडीच्या पोटात, अंधारात आणि बर्फासारख्या पाण्यात, चार दिवस तग धरून होता. ऑस्ट्रेलियाच्या युद्धनौकेने त्याला सोडविले. राफाएल दिनेली या फ्रेंच गड्याला वाचविण्यासाठी पीट गॉस हा दुसरा स्पर्धक वादळात वाऱ्याच्या तोंडावर माघारी फिरला आणि त्याला घेऊन आला. जेरी रूफ्स हा कॅनडाचा खलाशी मात्र परत आलाच नाही. या अपघातांनंतर नियम कडक झाले: होडी पूर्ण उलटली तरी तिला पुन्हा सुलटे होता आले पाहिजे, आणि हे अगोदर दाखवून द्यावे लागे. कॉलिन आर्चरची जुनी होडी जे आपल्या जडपणाने करीत असे, ते आता नियम करून नव्या होडीकडून करून घ्यावे लागले.

त्यानंतरची करामत आणखी नवलाची. २०१६ सालापासून या शर्यतीत पंखांच्या होड्या दिसू लागल्या. होडीच्या दोन्ही अंगांना कार्बन तंतूंची वाकडी पाती असतात. विमानाचा पंख जसा हवेत वर उचलला जातो, तसे ते पाते पाण्यात वर रेटले जाते आणि होडीला बरोबर उचलते. पाणी हवेच्या सुमारे आठशेपट दाट. तेव्हा लहानसे पातेही पुरते. होडीचे अंग पाण्याबाहेर निघाले की अडवणार कोण? या होड्या अनुकूल वाऱ्यात ताशी तीस सागरी मैलांच्या पलीकडे जातात. २०२४-२५ च्या शर्यतीत शार्ली दालँ हा फ्रेंच गडी ६४ दिवस १९ तासांत घरी पोचला. सुहैलीला लागले त्याच्या जवळजवळ एकपंचमांश वेळात!

आणि याच सुमारास काही लोकांना मागे वळून पाहावेसे वाटले. पहिल्या शर्यतीला पन्नास वर्षे झाली, तेव्हा २०१८ साली ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत जुन्या रीतीने पुन्हा भरविण्यात आली. होडी ३२ ते ३६ फुटांची, लांब कण्याची, १९८८ पूर्वीच्या आराखड्याची. उपग्रहाचे दिशादर्शन नाही, सूर्यतारे पाहून सेक्स्टंटने जागा काढायची.

या शर्यतीसाठी सुहैलीच्याच आराखड्यावर एक नवी होडी बांधण्यात आली. आणि ती बांधली गेली गोव्यात, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. त्याच कारखान्याने पूर्वी ‘म्हादेई’ ही ५६ फुटी होडी बांधली होती. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी भारतीयाने एकट्याने जगप्रदक्षिणा करावी असा ध्यास घेतला; त्यातून २००९-१० मध्ये नौदलाचे दिलीप दोंदे चार ठिकाणी थांबून म्हादेईतून पृथ्वीला फेरी घालून मुंबईला परतले. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी तिच्यातूनच न थांबता जाऊन आले. सुहैलीच्या नव्या बहिणीचे, ‘थुरिया’चे, कप्तानही टॉमीच होते.

२१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात वादळाने थुरियाला उलथून टाकले. डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. त्यांना हलताही येईना. त्याच वादळात डोलकाठ्या गमावलेला ग्रेगर मगकिन हा आयरिश स्पर्धक मोडक्या होडीनिशी त्यांच्याकडे निघाला होता. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने टॉमी यांना उचलले. म्हणून जुने ते सारे सुरक्षित असे म्हणायला मी तयार नाही. साग असो की कार्बन, त्या समुद्राला दोन्ही सारखेच.

तरी हेच टॉमी २०२२ साली पुन्हा निघाले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरे आले. पहिली आली कर्स्टन नॉयशेफर ही दक्षिण आफ्रिकेची बाई. वाटेत एका स्पर्धकाची होडी बुडाली, तेव्हा आपला मार्ग सोडून तिने त्याला वाचविले, आणि तरीही ती जिंकली. एकट्याने जगप्रदक्षिणेची अशी शर्यत जिंकणारी ती पहिलीच स्त्री.

हे सारे वाचून मला वाटते ते असे. होडीचा आकार समुद्र ठरवतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो शर्यतीचा प्रश्न ठरवतो. ‘परत येशील का?’ असे विचारले तर सुहैली तयार होते. ‘किती लवकर येशील?’ असे विचारले तर पंखांची होडी तयार होते. दुसऱ्या प्रश्नाने माणसाच्या बुद्धीचे केवढे वैभव दाखविले, हे नाकारणे कोतेपणाचे होईल. पण त्या प्रश्नाच्या पायी पहिला विसरला गेला, तेव्हा उलट्या होड्यांतून माणसे सोडवावी लागली. आणि कर्जाच्या भीतीने परतीची वाट बंद झालेला क्रोहर्स्ट तर कोणत्याच होडीला वाचविता आला नसता.

आपल्या मुलांना आपण जगाच्या वीरांच्या गोष्टी सांगतो, त्यांत नॉक्स-जॉन्स्टनची गोष्ट जरूर सांगावी. फक्त ती फालमथच्या बंदरापासून सुरू करू नये. ती कुलाब्याच्या त्या कारखान्यापासून सुरू करावी, जिथे सागाच्या एकेका फळीवर सुतारांचा वाकस चालत होता. शर्यतीचे नावही तेव्हा निघाले नव्हते. पण त्यांनी बसविलेल्या फळ्या सुमारे ३०,००० सागरी मैल टिकल्या, आणि माणूस घरी आला.